खाण गुहेच्या तोंडापासून ३०० मीटर लांब आहे, मग काळजी कशाची?

प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमच्या भागात चुनखडीची टेकडी आहे, तिच्या पोटात गुहा आहेत, आणि सिमेंटसाठी तिथे खाण येऊ घातलीय. कंपनी म्हणतेय गुहेच्या तोंडाभोवती ३०० मीटर सोडून खणू आणि भूजल पातळीच्या वरच थांबू. तुम्ही पेज काढलंत, लवणस्तंभांचे फोटो टाकलेत, ऑनलाइन सह्या बऱ्यापैकी जमल्या, पण खालच्या वस्त्यांमधले लोक म्हणतात "गुहेत आमचं काय ठेवलंय, खाणीने चार पोरांना काम तरी मिळेल". आणि तुमचा प्रश्न असा की अजून जास्त लोकांपर्यंत पोचायचं कसं, चांगला व्हिडिओ करावा का, कुणी नावाजलेला माणूस मिळाला तर फरक पडेल का.

गुहांचे नकाशे करणं आणि झऱ्याला पाणी कुठून येतं ते शोधणं हे माझं काम, त्यातूनच अशा लढ्यांमध्ये ओढला गेलोय, त्यामुळे स्पष्टच लिहितो. तुमची अडचण प्रसिद्धीची नाहीये. खरी अडचण ती ३०० मीटरची रेघ आहे, आणि ती तुम्ही नकळत मान्य करून बसला आहात. "सुंदर गुहा वाचवा" असं तुम्ही म्हणता तेव्हा कंपनी आरामात म्हणू शकते की वाचवतोच आहोत की, तोंडाला हातसुद्धा लावत नाही. मग पुढचं भांडण ३०० की ५०० मीटर यावर येतं, अधिकारी मधला आकडा काढतात आणि फाइल पुढे सरकते.

गुहेचं तोंड म्हणजे काय तर डोंगराच्या आतली पोकळी योगायोगाने जिथे बाहेर उघडली ती जागा. बऱ्याच पोकळ्यांना माणूस शिरेल असं तोंडच नसतं. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं, ते चुनखडीच्या फटी हजारो-लाखो वर्षं विरघळवत राहतं, फटींच्या नळ्या होतात, नळ्यांची भुयारं होतात. भूगर्भवाले याला कार्स्ट म्हणतात. म्हणजे गुहा हा एका मोठ्या पाणीव्यवस्थेचा आपल्याला चालत जाता येईल एवढाच तुकडा. बाकीची व्यवस्था वरती, ज्या खडकावर खाणीचा आराखडा काढलाय तिथेच सुरू होते. चुनखडीचा वरचा काही मीटर जाडीचा भेगाळलेला थर पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि नंतर महिनोन्महिने हळूहळू खाली सोडतो, गुहेच्या छतातून जे थेंब पडतात ते बरेचसे यातलेच. खाणीत सगळ्यात आधी उचलला जातो तो हाच थर. त्यामुळे "भूजल पातळीच्या वर थांबू" हे ऐकायला बरं वाटलं तरी कार्स्टमध्ये त्याला फारसा अर्थ नाही. पातळीच्या वरचा खडक हाच साठवणीचा भाग आहे, तो गेला की पावसाळ्यात गढूळ लोंढा आणि उन्हाळ्यात कोरडा झरा अशी गत होऊ शकते. शिवाय वाळूतून किंवा मुरमातून पाणी गाळून येतं तसं इथे काही गाळलं जात नाही. भुयारातलं पाणी दिवसाला शेकडो मीटर, कधी कित्येक किलोमीटरसुद्धा जातं, वाटेत डिझेल सांडलं तर तेही त्याच वेगाने झऱ्याला. जगातली अंदाजे १० टक्के लोकसंख्या अशा कार्स्टच्या पाण्यावर कमीजास्त अवलंबून आहे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर कॅमेऱ्याआधी पाण्याच्या मागे लागलो असतो. ३०० मीटरच्या रेघेला उत्तर म्हणून पाणलोटाची रेघ, म्हणजे झऱ्यांना जिथून जिथून पाणी येतं त्या सगळ्या भागाची हद्द, नकाशावर आणायची. ती कशी आणतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

टेकडीवर जिथे ओढा जमिनीत गडप होतो त्या जागा शोधायच्या, आणि पायथ्याचे सगळे झरे, विहिरी, पाणवठे शोधायचे. सगळे म्हणजे सगळे, गावकरी ज्याला "तो नुसता ओल आहे" म्हणतात तोही. मग प्रत्येक झऱ्यात बारीक जाळीच्या पिशवीत सक्रिय कोळसा भरून दगडाला बांधून सोडायचा, चहाच्या टी-बॅगसारखी दिसते ती पिशवी. पहिले काही आठवडे रंग टाकायचाच नाही, नुसत्या पिशव्या बदलत राहायच्या आणि लॅबला पाठवायच्या, कारण साबण, कूलंट असल्या गोष्टींमुळे पाण्यात आधीपासूनच चमकणारं काहीतरी असू शकतं आणि ते माहीत नसेल तर पुढचा निकाल कुणीही उडवून लावेल. त्यानंतर पाऊस चांगला सुरू असताना, लेखी परवानगी घेऊन आणि खालच्या वस्त्यांना आधी सांगून, गडप होणाऱ्या ओढ्यात युरानिन नावाचा रंग टाकायचा. हा फ्लुरोसीन जातीचा रंग असतो, ठरलेल्या प्रमाणात वापरला तर धोकादायक मानत नाहीत, आणि डोळ्याला दिसणार नाही इतका विरळ झाला तरी कोळशात साठत राहतो आणि लॅबमध्ये यंत्राला सापडतो. किती टाकायचा हे मात्र जाणकाराकडूनच काढून घ्या, अंदाजपंचे टाकलात तर गावाचं पाणी हिरवं होईल आणि मोहीम तिथेच संपेल.

एक बारीकशी गोष्ट जी नवीन लोक हमखास विसरतात: ज्याने रंगाला हात लावला त्याने त्या दिवसात पिशव्यांना हात लावायचा नाही, त्याच गाडीत बसायचंही नाही. रंगाची पूड कपड्याला, सीटला, नखात कुठेही बसते. दोन वेगळ्या टीम, प्रत्येक पिशवीवर जागा-तारीख-वेळ-सही, आणि पिशवी काढताना गावातला एक साक्षीदार. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की नमुना दूषित झाला नाही कशावरून. दुसरं म्हणजे एखाद्या झऱ्यात रंग सापडला नाही तर "संबंध नाही" असं लिहू नका, "या वेळी आढळला नाही" एवढंच लिहा, कारण पाऊस कमीजास्त झाला की वाटा बदलतात.

ही पद्धत काही नवीन नाही. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी जिथे पात्रातच गायब होतं तिथे १० किलो रंग टाकला होता, आणि साधारण ६० तासांनी सुमारे १२ किलोमीटर लांबचा आख झरा हिरवागार झाला. तोही वाद कारखानदारांचाच होता बरं का, पाण्यावर कुणाचा हक्क यावरून. डॅन्यूबचं पाणी काळ्या समुद्रात जातं आणि आखचं ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राकडे, म्हणजे वरच्या नकाशावर दोन वेगळी खोरी आणि खाली एकच पाणी. तुमच्या जनसुनावणीत हे उदाहरण सांगा, पोरंसोरंसुद्धा लक्ष देऊन ऐकतात. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या एक्झिट केव्ह या गुहेचं प्रकरण तर तुमच्याशी अजून जवळचं. शेजारच्या चुनखडी खाणीतून गाळ आणि दूषित पाणी गुहेत उतरतंय हे पाण्याचा माग काढून दाखवता आलं, आणि १९९२ मध्ये ती खाण बंद करावी लागली.

आता "गुहेत आमचं काय ठेवलंय" या वाक्याकडे या. हे वाक्य मला अजिबात चुकीचं वाटत नाही, त्यांच्या जागी तुम्ही-मीही हेच म्हटलं असतं. पण त्यांच्या दारातल्या झऱ्यात टेकडीवरचा रंग सापडला की त्यांना गुहेबद्दल वेगळं काही पटवावं लागत नाही. आणि इथे एक कायदेशीर बाजूही आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये माउंट एटनाच्या गुहा, जिथे घोस्ट बॅट नावाची दुर्मिळ वटवाघळं राहतात, त्या चुनखडीच्या खाणीत नष्ट होत चालल्या होत्या. गुहाप्रेमींच्या संस्थेने सिमेंट कंपनीला कोर्टात खेचलं, तर १९८९ च्या निकालात संस्थेला अडवलं गेलं ते "दाद मागायचा तुमचा अधिकार काय" याच मुद्द्यावर. तोवर १९८८ मध्ये काही गुहांना सुरुंग लागूनही गेले होते. भारतात जनहित याचिकेमुळे हा अडथळा बराच कमी आहे, पण तरी अर्जदारांत पहिलं नाव गुहावाल्या क्लबचं असण्यापेक्षा त्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या माणसाचं असलेलं कधीही चांगलं. (माउंट एटनाची खाण २००४ मध्ये थांबली आणि ती जागा पुढे राष्ट्रीय उद्यानात गेली, पण तोवर जे फुटायचं ते फुटलं होतं.)

उलट बाजूही सांगतो. मेघालयातली चुनखडी कन्व्हेयर बेल्टने सीमेपलीकडे बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात नेण्याचं लाफार्जचं प्रकरण आठवा. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणकाम थांबवलं होतं, जुलै २०११ मध्ये परत परवानगी दिली, आणि त्या निकालात तिथल्या गावदरबाराची संमती हा मुद्दा चांगलाच वजनदार ठरला. म्हणजे गाव तुमच्याबरोबर नसेल तर बाहेरच्या लाखभर सह्यांचं फार काही होत नाही. आणि गाव खरोखरच खाणीच्या बाजूने असेल तर आधी त्याची कारणं ऐका. रोजगाराच्या प्रश्नाची चेष्टा करणारी एक पोस्ट तुमच्या पेजवरून गेली तरी ती प्रिंट काढून सुनावणीत फिरवतील.

काय करता येईल हे बरंचसं तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पर्यावरण अहवालाची व्याप्ती अजून ठरायची असेल तर सगळ्यात उत्तम. तेव्हाच लेखी मागणी करा की अभ्यासाची सीमा लीजच्या हद्दीवर न थांबता झऱ्यांच्या पाणलोटापर्यंत जावी, पावसाळ्याची आकडेवारी यावी, आणि गुहांचा सर्व्हे गुहेत उतरता येणाऱ्या माणसाने करावा. असले अहवाल मी पाहिलेत ज्यात गुहेचा सगळा अभ्यास म्हणजे कोरड्या दिवसांत तोंडाशी उभं राहून काढलेले फोटो. अहवाल आलेला असेल तर हरकती नोंदवायचा टप्पा. परवानगी मिळून गेली असेल तर लढाई अटींची आणि देखरेखीची होते, आणि ती प्रामाणिकपणे सांगायचं तर कंटाळवाणी आणि लांबलचक असते. जमीन कुणाची, गुहेवर कुणाची श्रद्धा आहे का, आत पुरातत्त्वाचं काही आहे का यावरही गणित बदलतं. टास्मानियातच फ्रँकलिन नदीवरच्या धरणाच्या वादात कुटिकिना गुहेत हिमयुगातल्या माणसाच्या वस्तीचा पुरावा मिळाला आणि त्याने लढ्याला मोठं बळ मिळालं, १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिथलं हेच सर्वोच्च न्यायालय) ४ विरुद्ध ३ मतांनी धरण रोखणाऱ्या केंद्राची बाजू उचलून धरली. तुमच्याकडे खापराचे तुकडे किंवा हाडं दिसली तर काहीही उचलू नका, जागेवरच फोटो काढून संबंधित खात्याला लेखी कळवा.

हरकतींबद्दल दोनच गोष्टी. एकसारख्या मजकुराच्या पाच हजार सह्यांची नोंद बऱ्याच ठिकाणी "एक निवेदन प्राप्त" अशी होते, त्यापेक्षा वीस लोकांनी वीस वेगळे मुद्दे अहवालातल्या पान क्रमांकासकट लिहिले तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. आणि पुढे अपिलात जाल तेव्हा "हा मुद्दा तुम्ही आधी का नाही मांडलात" हे ऐकायची वेळ येऊ नये म्हणून सगळं आत्ताच रेकॉर्डवर आणा, पोच घ्या, पोचेचा फोटो तीन जणांकडे ठेवा.

नकाशा हवाच. लेसर अंतरमापक, होकायंत्र आणि चढ मोजायचं क्लायनोमीटर, खुणेच्या एका जागेवरून (स्टेशन) पुढच्या जागेपर्यंत अंतर, दिशा आणि चढ मोजत जायचं, आणि थेरिओन किंवा सर्व्हेक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मग तो नकाशा खाणीच्या आराखड्यावर ठेवायचा. हे काम किती निर्णायक असतं ते पहिल्यांदा दोन्ही एकत्र दिसतात तेव्हाच कळतं, खाणीच्या दुसऱ्या टप्प्याचा खड्डा तुमच्या मुख्य दालनाच्या बरोब्बर डोक्यावर आहे हे भाषणातून सांगता येत नाही. आणि जिथे तुमचा सर्व्हे थांबला तिथे गुहा संपली असं नसतं, हे नकाशावर प्रश्नचिन्ह टाकून दाखवा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानातल्या लेचुगिया गुहेच्या बाबतीत १९९३ मध्ये संसदेने कायदाच केला, आणि तेल-वायूच्या नव्या लीजसाठी बंद केलेला पट्टा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आखला, कारण भुयारं उद्यानाची हद्द पाळतील याची खात्री नव्हती. "जेवढं सापडलंय तेवढंच वाचवायचं" या युक्तिवादाला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता प्रसिद्धी. तुम्ही प्रश्नात जागेचं नाव लिहिलं नाहीत हे फार बरं केलंत, पेजवर पण तेच पाळा. फोटोतलं लोकेशन काढून टाका, तोंडाचे फोटो पार्श्वभूमीच्या डोंगरासकट टाकू नका, नकाशा जाहीर करायचा तर तोंडाची जागा धूसर करा आणि अचूक प्रत फक्त अधिकाऱ्यांना द्या. अमेरिकेच्या १९८८ च्या गुहा संरक्षण कायद्यात तर सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणं गोपनीय ठेवायची तरतूद आहे. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली केली, आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, नुसत्या माणसांच्या श्वासाने, उष्णतेने आणि दिव्यांनी भिंतीवरची चित्रं खराब व्हायला लागली म्हणून. तिथे खाण नव्हती, प्रेमाने आलेले लोकच होते. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरचाही काही अंशच वाढतो, व्हिडिओ बघून आलेल्या एका ग्रुपचा एक हात पुरतो. वटवाघळं पिल्लं वाढवतात त्या काळात तर मीडियालाही आत नेऊ नका, कितीही गळ घातली तरी. त्यापेक्षा पत्रकाराला झऱ्यावर न्या आणि तिथे पाणी भरणाऱ्या बाईला बोलू द्या. सेलिब्रिटीबद्दल विचारलंत ना, माझं मत विचाराल तर तो झऱ्यावर येणार असेल तर या म्हणा, गुहेत येणार असेल तर नको.

जीवसृष्टीचा मुद्दा पाण्याच्या जोडीला ठेवा, एकटा नको. पण तो लहानही समजू नका. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधल्या उम लादाव गुहेत ४० सेंटिमीटरहून लांब, फिकट, जवळजवळ आंधळा मासा सापडला, जगातला सगळ्यात मोठा गुहेतला मासा, आणि त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं ते २०२३ मध्ये. म्हणजे इतका मोठा प्राणी आत्ताआत्तापर्यंत शास्त्राच्या वहीत नव्हता, मग बारके किडे, कोळी यांचं काय. मलेशियात बुकित पांचिंग नावाच्या एकाच टेकडीवर राहणारी एक चिमुकली गोगलगाय होती, खाणीत ती टेकडी संपली आणि गोगलगायही संपली. तुमच्या टेकडीवर काय आहे हे कुणी नीट शोधलंय का, हा प्रश्न लेखी विचारा, उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं.

समोरून येणारी बाकीची उत्तरं पटकन. "गुहा पर्यटनासाठी विकसित करून देऊ": आधी पाणी वाचतंय का सांगा, मग बोलू. "सुरुंगाची कंपनं मर्यादेत राहतील": विचारा की मर्यादा घरांच्या भिंतींसाठी ठरवलेली आहे का, नळीसारख्या पोकळ लवणस्तंभांसाठी कुठली मर्यादा लावलीय. "प्रकल्प हरित आहे": हे तुमच्याकडे लागू नाही पण इतर वाचताहेत म्हणून लिहितो, ऑस्ट्रेलियात नलारबॉरच्या गुहांच्या पठारावर ७० गिगावॉटपर्यंतचा पवन-सौर प्रकल्प प्रस्तावित आहे आणि तिथले गुहा अभ्यासक त्या जागेबद्दल हरकत घेताहेत. तिथे प्रश्न जागेचा आहे, विजेचा नाही, आणि अशा वेळी तसं रोखठोक सांगावं, उगीच पवनचक्कीलाच शिव्या घालू नयेत.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: तोंडाची रेघ सोडून पाणलोटाची रेघ, त्यासाठी रंगाची चाचणी आणि नकाशा, पुढे गावातली माणसं, आणि पत्ता गुप्त.

जिंकलात तरी कागद बंद करू नका. इंडोनेशियात जावाच्या केंडेंग डोंगररांगेत अगदी तुमच्यासारखंच प्रकरण होतं, सरकारी सिमेंट कंपनी, चुनखडी, आणि शेतीला पाणी देणारा वातुपुतिह भूजलसाठा. २०१६ च्या एप्रिलमध्ये नऊ शेतकरी बायकांनी राजधानीत राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोर आपल्या पायांवर सिमेंट ओतून घेतलं, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण परवाना रद्दही केला. मग? २०१७ च्या फेब्रुवारीत प्रांताच्या गव्हर्नरने नवा परवाना काढला. मार्चमध्ये लोक परत पाय सिमेंटमध्ये घालून बसले, त्या वेळी आंदोलनातल्या पात्मी नावाच्या शेतकरी बाईंचा मृत्यू झाला. परवाना रद्द होतो, प्रस्ताव रद्द होत नाही, तो नाव आणि क्षेत्रफळ बदलून परत येतो. म्हणून झऱ्यांची पातळी, गढूळपणा आणि पाऊस यांची नोंद एका वहीत, शक्यतो झऱ्याजवळच राहणाऱ्या कुणाच्या तरी हातून, निकालानंतरही चालू ठेवा. खाण आलीच तर आधी पाणी कसं होतं याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असेल.

आणि सुनावणी जर पावसाच्या आधी लावली असेल तर आजच अर्ज टाका की ओल्या हंगामाची आकडेवारी येईपर्यंत ती पुढे ढकलावी. ढकलली नाही तरी अर्ज नाकारल्याचा कागद मिळतो, तो जपून ठेवा. कोळशाच्या पिशव्या मात्र सुनावणीची वाट न बघता या आठवड्यातच लावायला घ्या, कुठल्या लॅबला पाठवायच्या ते ठरलं की इथेच खाली लिहा, पिशव्या पॅक कशा करायच्या ते सांगतो.